मनातला आवाज कोणाचा?

लांब पल्ल्याच्या शर्यतीत पाय थांबण्यापूर्वीच मन थांबण्याची भाषा बोलू लागते. ‘आता पुरे’ असे आतून कोणीतरी सांगते. या आतल्या बोलण्याकडे आपण मनाचा खेळ म्हणून दुर्लक्ष करतो. आमच्या मते, निवासी शाळेने अत्यंत गांभीर्याने घ्यावा असा हा विषय आहे.

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाश साबळे यांनी 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक केवळ 0.05 सेकंदाने हुकले. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच जात होती. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या गरीब शेतकरी कुटुंबातील साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-धावत जात. पुढे ते महार रेजिमेंटमध्ये जवान झाले आणि सियाचीनच्या थंडीत राहिले. या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरील 7 उड्या असतात. अशा वेळी क्षणभर चित्त ढळले तरी पाऊल चुकते.

चित्ताला सावरणारे शब्द सरावाने मिळविता येतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका प्रयोगात 24 जणांनी थकून थांबेपर्यंत सायकल चालविली. त्यांपैकी एका गटाने स्वतःला धीर देणाऱ्या वाक्यांचा दोन आठवडे सराव केला. त्या गटाचा टिकून राहण्याचा वेळ सुमारे 18 टक्क्यांनी वाढला आणि श्रमही कमी जाणवले.

पण हे शब्द मुलाच्या मनात येतात कोठून? रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांच्या मते मूल प्रथम इतरांचे बोलणे ऐकते, मग स्वतःशी मोठ्याने बोलते आणि शेवटी तेच बोलणे आत उतरते. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना भिक्खुणी वितक्क-विचारांना वचीसंखार म्हणते. कारण आधी विचार होतो, नंतर वाचा फुटते. वायगॉट्स्की याच वाटेचा उलट प्रवास दाखवितात: दुसऱ्याची वाचा आपला विचार बनते.

म्हणूनच हा प्रश्न आपल्या समाजासाठी केवळ क्रीडेचा नाही. ‘तुमच्याने काय होणार?’ हे वाक्य आपल्या पिढ्यांनी बाहेरून ऐकले. तेच वाक्य मुलाच्या आत बोलू लागले, तर हिणवणाऱ्याला समोर उभे राहण्याचीही गरज उरत नाही. बोदलकसाच्या रस्त्यांवर पहाटे धावणारे मूल मागे पडते, तेव्हा शिक्षक व पालक काय बोलतात, यावर त्याच्या शेवटच्या फेरीचा आवाज ठरतो. त्याला ‘खांदे सैल सोड’, ‘पुढच्या झाडापर्यंत चल’ असे छोटे, नेमके शब्द द्यावेत. खोटी स्तुती नको. ती थकव्यापुढे टिकत नाही.

मात्र मनोबलाचे नाव घेऊन आपली जबाबदारी झटकू नये. सकस आहार, बूट, मैदान आणि विश्रांती यांची जागा कोणतेही वाक्य घेऊ शकत नाही. थकवा आणि इजा यांतील फरकही मुलांना शिकविला पाहिजे. दुखणाऱ्या गुडघ्याचे ऐकून थांबणे ही हार नव्हे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला साहित्य अवश्य द्यावे. त्यासोबत एक सकाळ मैदानावरही द्यावी. सर्वांत मागे धावणाऱ्या मुलाजवळ जाऊन चार शब्द बोलावेत. ते त्याच्यासोबत पुष्कळ दूर जातील.