जुनी लांब गाडी घ्यावी का?

टाटांची इंडिगो मरीना आठवते ना? मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. २००४ साली बाजारात आली. आता नवी मिळत नाही. जुनी मात्र स्वस्तात मिळते, नि आमच्या पुतण्याचे मन तिच्यावर बसले आहे. बसायला कारणही आहे. वहिनींची चाकांची खुर्ची साध्या मोटारीत ठेवली, की बॅगा नातवंडांच्या मांडीवर!

मी त्याला म्हटले, "बाबा रे, वरचा रंग पाहू नकोस, खाली वाकून गंज बघ." डिझेलची असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागावी; तो धावताना तुटला तर इंजिनच उघडावे लागते. नोंदणी पहिली १५ वर्षे. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवायची. तो खर्च किमतीतच धरावा. विकणारा 'कागद पक्के' म्हणतोच. (दुसरे काय म्हणणार?)

माझे मत विचाराल, तर दुरुस्तीचे वेगळे पैसे गाठीला असतील तरच घ्यावी. कर्ज काढून मुळीच नको. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे असते, आणि तिथली वेळ चुकवून चालत नाही.