साडेपस्तीसचा अणू कुणी पाहिलाय?

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५. शाळेत आपण सगळ्यांनी हे घोकलं, मार्क मिळवले आणि विषय संपवला. पण हा अर्धा आला कुठून? अणूच्या केंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, आणि अर्धा न्यूट्रॉन काही मिळत नाही बुवा!

फंडा सोपा आहे. केंद्रात प्रोटॉन किती, तो अणुअंक. क्लोरीनचे १७. सोळा असतील तर ते सल्फर, अठरा असतील तर अरगॉन. इथे अ‍ॅडजस्टमेंट चालत नाही. न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र निसर्ग जरा ढिला आहे. क्लोरीनच्या काही अणूंत ते १८, काहींत २०. म्हणून एक ३५ चा, दुसरा ३७ चा. हीच ती समस्थानिकं. दर चार अणूंत साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा. करा हिशेब: १४२ भागिले ४. (अगदी काटेकोर आकडा ३५.४५.) साडेपस्तीसचा अणू जगात एकही नाही. कंपनीचा ‘अ‍ॅव्हरेज पगार’ कसा, कुणाच्याच स्लिपवर दिसत नाही, तसंच.

मिठाच्या पुडीत क्लोरीनसोबत आणखी एक भिडू असतो, आयोडीन. अणुअंक ५३. निसर्गात याचा टिकाऊ अवतार एकच, १२७ चा. पण अणुभट्टीत १३१ चं आयोडीनही तयार होतं. चार न्यूट्रॉन जास्त, आणि किरणोत्सारी.

आता गळ्यातली थायरॉइड. तिला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं आणि ती न्यूट्रॉन मोजत बसत नाही. रसायनशास्त्र ठरतं प्रोटॉन-इलेक्ट्रॉनवर, त्यामुळे १२७ काय नि १३१ काय, तिला दोन्ही सारखेच. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या स्फोटानंतर हेच पोरांच्या मुळावर आलं. १३१ गवतावर पडलं, गायींच्या दुधातून मुलांच्या गळ्यात पोचलं आणि पुढे थायरॉइडच्या कॅन्सरचे रुग्ण वाढले. अशा वेळी साध्या आयोडीनच्या गोळ्या देतात त्या याचसाठी: ग्रंथी आधीच भरलेली असली की १३१ ला जागाच नाही.

तिच्या याच भोळेपणाचा १९४१ पासून उपचारासाठीही वापर होतोय. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे १९६३ मध्ये सुरू झालं, थायरॉइडचे असे रुग्ण येतात. माझ्या एका मैत्रिणीला डॉक्टरांनी हा डोस सुचवला तेव्हा ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ शब्द ऐकूनच तिची झोप उडाली. साहजिक आहे! पण १३१ चे बीटा कण शरीरात एक-दोन मिलिमीटरच जातात, म्हणजे काम बहुतेक ग्रंथीतच उरकतं. कण सुटला की न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, अणुअंक ५४, आणि आयोडीनचा चक्क झेनॉन! दर आठ दिवसांनी निम्मे अणू असे संपतात. ऐंशी दिवसांनी हजारातला जेमतेम एक उरतो.

फुकट मात्र काहीच नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हा डोस देत नाहीत, आणि नंतर बऱ्याच जणांना थायरॉइडची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. मैत्रिणीने ते मान्य केलं. तिची खरी काळजी वेगळीच होती: दोन वर्षांचा भाचा, जो तिच्याच कुशीत झोपतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्याला आजोळी पाठवलाय.