फटफटीची साक्ष

आमच्या सोलापूरच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक चौकोनी कृष्णधवल छायाचित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी अशा वेशात आजोबा एका फटफटीवर बसले आहेत. दोन्ही हात हँडलवर, नजर कॅमेऱ्याच्या किंचित पलीकडे. शेजारी आजी उभी आहे. तिचा चेहरा हलल्यामुळे थोडा पुसट झाला आहे. लहानपणापासून या छायाचित्राची जी कथा आम्ही ऐकत आलो ती अशी : १९४८ साली निजामी राजवटीविरुद्धचा लढा ऐन भरात असताना आजोबा रात्री-अपरात्री याच फटफटीवरून नळदुर्गाच्या दिशेने कागदपत्रे पोचवीत. गाडी ‘बीएसए’, महायुद्धात वापरलेली आणि नंतर लष्कराने विकून टाकलेली. रंग अर्थातच हिरवा.

ही कथा अविश्वसनीय मुळीच नव्हती. त्या काळी सोलापूर मुंबई प्रांतात होते आणि चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे तुळजापूर, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. सरहद्दीलगत स्टेट काँग्रेसची शिबिरे होती, लपून येणारे-जाणारे होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली याच सोलापूर-नळदुर्ग रस्त्याने हैदराबादकडे निघाली, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. महायुद्धानंतर लष्कराच्या मोडीत निघालेल्या मोटारसायकली बाजारात येत, हेही खरे. एकूण, कथेतील प्रत्येक तुकडा इतिहासाशी जुळत होता. शंका घेण्याचे कारणच नव्हते आणि म्हणूनच ती कुणी घेतली नाही.

२०२३ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाची सांगता झाली. त्या निमित्ताने भरणाऱ्या एका छोट्या प्रदर्शनासाठी हे छायाचित्र द्यावे असे माझ्या चुलतभावाच्या मनात आले, आणि घरातला मराठीचा प्राध्यापक म्हणून त्याखालच्या चार ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. चार ओळी लिहायच्या तर गाडीचे नाव तरी नक्की असावे, एवढ्याच हेतूने मी छायाचित्र भिंतीवरून उतरवले, स्कॅन केले आणि मोठे करून पाहू लागलो.

माझी पहिली चूक अशी की, जे शोधायचे ते मी आधीच ठरवून ठेवले होते. मी त्या चित्रात बीएसए शोधत होतो आणि साहजिकच मला ती दिसत होती. टाकीवरचे नाव आजोबांच्या धोतराच्या सोग्याखाली नेमके झाकले गेलेले. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या एका विद्यार्थ्याला मी चित्र दाखवले. तो म्हणाला, “सर, बसलेल्या माणसाकडं बघू नका. फक्त गाडी बघा.” पाठचिकित्सेवरच्या तासाला मी वर्षानुवर्षे जे सांगत आलो, तेच त्याने मला एका वाक्यात ऐकवले.

मग आम्ही फक्त गाडी पाहिली. महायुद्धातली लष्करी बीएसए म्हणजे प्रामुख्याने ‘एम-२०’. युद्धासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. त्या गाडीच्या पुढच्या चाकाला लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि मध्ये एक जाड स्प्रिंग असे. मागच्या चाकाला तर स्प्रिंगच नसे, धक्के सोसण्याचे काम सीटखालच्या दोन स्प्रिंगा करीत. आमच्या छायाचित्रात पुढे दोन गुळगुळीत नळ्यांचा फोर्क आहे. मागे चाकाच्या दोन्ही अंगांना शॉकअॅब्सॉर्बर आहेत. इंजिन एकाच सिलिंडरचे, पण त्यातून दोन नळ्या निघून दोन बाजूंच्या दोन सायलेन्सरांत जातात. इंजिनाचे कवच अंड्यासारखे गोलसर, चाके बुटकी. आणि डाव्या बाजूला एकच दांडा : तोच किक, तोच गिअर. विद्यार्थ्याला शंकाच उरली नाही. ही जावा होती. पुढच्या पिढीला ‘येझदी’ या नावाने ठाऊक असलेल्या गाडीची थोरली बहीण.

तरीही मी अडून बसलो. चित्र उलटे छापले गेले असेल तर डावे-उजवे बदलेल, हा माझा पहिला आक्षेप. नंबरप्लेटवरचे एकच अक्षर वाचता येत होते, इंग्रजी ‘एम’. आणि ते आरशातही तसेच दिसते. परंतु आजोबांच्या कोटाचा वरचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला होता, तेव्हा चित्र सुलटच. दुसरा आक्षेप असा की, जावा ही चेकोस्लोव्हाकियातली जुनी कंपनी, १९२९ पासूनची. तिची एखादी गाडी १९४८ मध्ये इकडे आलीच नसेल कशावरून? याचे उत्तर मागच्या चाकाने दिले. जावाची १९४६ ची ‘पेराक’ पुढून अशीच दिसते, पण तिच्या मागच्या चाकाच्या स्प्रिंगा आसाजवळच्या उभ्या नळ्यांत बसवलेल्या. मागच्या चाकाचा दांडा वर-खाली झुलणारी २५० सीसीची जावा १९५४ साली आली. आपल्याकडे म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून ती निघू लागली १९६१ मध्ये. १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. राहता राहिले ते ‘एम’ अक्षर. मुंबई राज्यातील गाड्यांचे क्रमांक ‘बी’ने सुरू होत, ‘एम’ आले ते महाराष्ट्र झाल्यावर. पण मद्रास आणि म्हैसूर राज्यांचेही अक्षर ‘एम’च, आणि १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेलेले विजापूर इथून शंभर किलोमीटरवर. त्यामुळे या अक्षरावर फार भार टाकता येत नाही. टाकायची गरजही नव्हती. छायाचित्र १९५४ पूर्वीचे असूच शकत नाही, एवढे मागच्या चाकाने निर्विवाद सांगितले होते. हिरव्या रंगाचे काय, असे कुणी विचारील. काळ्या-पांढऱ्या चित्रात लष्करी हिरवा आणि जावाचा मरून दोन्ही सारखेच करडे दिसतात. हिरवा रंग चित्रात नव्हता. तो कथेने लावला होता.

मी हे चुलतभावाला सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “पण हे कुणाला कळणार आहे?”

माझ्या मते सगळा प्रश्न या वाक्यात आहे. कुणाला कळणार नव्हते, हे खरेच. प्रदर्शनाला येणारी शाळेतली मुले मागच्या चाकाचा दांडा पाहणार नव्हती. आणि मथळ्यामुळे कुणाचे नुकसान होणार होते? आजोबांनी तो लढा पाहिला होता, घरातल्या सांगण्याप्रमाणे त्यात भागही घेतला होता. भावना खरी, माणूस खरा, काळही खरा. केवळ गाडी दहा-पंधरा वर्षे पुढची. एवढ्यासाठी घरच्या अभिमानाला चूड लावायची का?

मला वाटते, लावण्याचा प्रश्नच नाही. पण खोटा मथळाही द्यायचा नाही. छायाचित्र सहसा खोटे बोलत नाही; खोटे बोलतो तो त्याखालचा मजकूर. याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र दीर्घकाळ सर्वत्र छापले जात होते. ते इब्राहिमखानाचे होते. १९३० च्या दशकात वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे समकालीन चित्र उजेडात आणले तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. तोवर लक्षावधी लोकांनी श्रद्धेने भलत्याच चेहऱ्याला हात जोडले होते. त्यांच्या श्रद्धेत काही उणे नव्हते. उणे होते ते नाव लिहिणाऱ्याने चित्राकडे पाहण्यात.

आपल्या वाङ्मयव्यवहारातही यापेक्षा वेगळे काय चालते? गौरवग्रंथ, स्मरणिका, चरित्रे उघडून पाहा. ‘एका समारंभात’, ‘मित्रांसमवेत’, ‘डावीकडून तिसरे’. साल नाही, गाव नाही, छायाचित्र कुणी काढले ते नाही. हस्तलिखिताच्या पाठाबाबत आपण इतके काटेकोर, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे साल विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. पोथीत उत्तरकालीन शब्द सापडला तर ती ओवी प्रक्षिप्त ठरवतो. पण छायाचित्र हाही पाठच आहे, त्यालाही अंतर्गत पुरावा असतो, हे आपल्या गावीही नसते. पोथीत जे काम एखादे उत्तरकालीन रूप करते, तेच आमच्या चित्रात फटफटीच्या मागच्या चाकाने केले.

अर्थात, गाडी सांगते ते एवढेच की चित्र अमुक सालाच्या आधीचे नाही. ते नेमके कधीचे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी माणसाकडेच जावे लागते, आणि आम्ही आजवर चुकीच्या माणसांना विचारत आलो होतो. ही कथा नेहमी वडील आणि काका सांगत. आत्या त्या वेळी स्वयंपाकघरात असे. आता ती ऐंशीच्या घरात आहे. तिच्या हातात फोटो दिला आणि विचारले, हा कधीचा? तिने चष्मादेखील शोधला नाही.

“माझ्या लग्नातला की रे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझा थोरला तीन महिन्यांचा होता. लग्न त्याच्या आदल्या वर्षी, वैशाखात.”

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे छायाचित्र १९६६ च्या उन्हाळ्यातले. आणि गाडी?

“गिरणीतले एक मास्तर आले होते लग्नाला, त्यांची. आपल्याकडं कुठली फटफटी! बसा म्हणाले, अण्णा बसले. आई हसत होती, म्हणून तर तिचा चेहरा असा आलाय.”

मग ते नळदुर्गाला जाणे? तेही खोटे?

“खोटं कशाला असेल? आई सांगायची, जायचे म्हणून. सायकलवरनं जायचे. पण सायकलवरचा फोटो कोण काढणार?”

मी या साक्षीला नको तेवढे वजन देत नाही. आत्या १९४८ मध्ये तान्ही होती. तिचे सांगणे आजीकडून ऐकलेले आहे आणि त्याला कागदाचा आधार नाही. परंतु फटफटी बाजूला काढल्यावर कथा मोडली नाही, उलट माझ्या दृष्टीने ती अधिक शहाणी झाली. सरहद्दीवर जिथे आवाज करायचा नाही, तिथे माणूस फटफटी नेईल की सायकल? कथेत गाडी शिरली ती भिंतीवरच्या चित्रामुळे. पराक्रमाला पुरावा हवा होता आणि घरात रुबाबदार असे एकच छायाचित्र होते. दोन्ही एकमेकांना चिकटले. या चिकटण्यात आजीचे हसणे मात्र पुसले गेले. जो चेहरा ‘हलला’ म्हणून आम्ही पन्नास वर्षे दुर्लक्षिला, तो हसत होता. मुलीच्या लग्नात, परक्याच्या गाडीवर ऐटीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहून हसत होता. एका बनावट मथळ्याने आमच्याकडून हे हिरावून घेतले होते.

प्रदर्शनाला आम्ही छायाचित्र दिले नाही. आजोबांविषयी घरात काय सांगितले जाते आणि ते कुणी कुणाकडून ऐकले, एवढा अर्ध्या पानाचा मजकूर दिला. चुलतभाऊ काही दिवस नाराज होता. छायाचित्राविना त्या मजकुरापाशी कुणी थांबले नाही, असे त्याने मला नंतर सांगितले, आणि ते खरेही असावे. खरे लिहिण्याची ही किंमत असते आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

असो. छायाचित्र पुन्हा माजघरात आहे. त्याच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : वैशाख १९६६, आत्याचे लग्न, सोलापूर, गाडी जावा, पाहुण्यांची, माहिती आत्याने दिली. वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, आपल्याही घरच्या भिंतीवरचे एखादे चित्र उतरवून त्याची पाठ पाहावी. ती बहुधा कोरी असेल. आणि ती भरण्यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारावे, तिथे कुणी सांगणारे आहे तोवर.