खेळाडूचा पगार कोण देतो?

मैदानाचा जमाखर्च / कळंबकर

सप्टेंबर १९३० मध्ये न्यूकॅसलच्या सेंट जेम्सेस पार्क या फुटबॉल मैदानावर ६८,३८६ माणसं लोटली होती. गर्दीचा तो उच्चांक त्या मैदानावर अजून मोडलेला नाही. लोक पाहायला आले होते प्रतिस्पर्ध्याच्या गणवेशातल्या आपल्याच जुन्या कप्तानाला, ह्यूई गॅलेकरला. स्कॉटलंडमधल्या बेल्सहिलचा हा बुटका गडी पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरलेला. १९२७ मध्ये त्याच्या कप्तानीखाली न्यूकॅसलने लीग जिंकली आणि तीन वर्षांनी त्याच न्यूकॅसलने त्याला १०,००० पौंडांना चेल्सीला विकलं. खेळाडूला मोसमात आठवड्याला ८ पौंड आणि सुट्टीच्या उन्हाळ्यात ६, यापेक्षा जास्त द्यायला लीगचीच बंदी होती. बाजारात बैलाची किंमत बैलाला मिळत नाही, तसंच. खेळ थांबल्यावर त्याचं पुढे काय झालं ते फार वाईट आहे; १९५७ मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला.

तरी एक मान्य करावं लागेल. ते ८ पौंड तिकीट काढून आलेल्या माणसाच्या खिशातून येत होते.

त्याच काळात सांगलीचे विजय हजारे क्रिकेटमध्ये नाव काढत होते. त्यांच्या पोटापाण्याचा आधार तिकीट नव्हतं, संस्थानाची गादी होती. आधी देवास, मग बडोदा. मार्च १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, अशी ५७७ धावांची भागीदारी झाली. तिची थोरवी सगळे सांगतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. समोर होळकरांचा संघ, म्हणजे सी. के. नायडूंचा. दोन दरबारांच्या चाकरीतली माणसं एकमेकांशी खेळत होती, आणि दोनेक वर्षांत दरबारच जाणार होते.

संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये हजारे लँकेशायर लीगमधल्या रॉटनस्टॉलचे व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळले. रॉटनस्टॉल म्हणजे काही लंडन नव्हे. कापडगिरण्यांचं छोटं गाव. तिथल्या क्लबांची रीत अशी की आपल्या माणसाने अर्धशतक ठोकलं की प्रेक्षकांतून पैसे गोळा करून त्याला द्यायचे. गिरणीतून सुटलेला कामगार आपल्या पगारातली नाणी टाकणार. ही रीत मला दरबारी नेमणुकीपेक्षा सन्मानाची वाटते.

आपल्याकडे गादीची जागा सरकारने घेतली. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. आनंदच आहे, आणि त्यांच्यासारख्यांना नोकरी द्यायलाच हवी. पण त्यांच्यामागून धावणाऱ्या पोरींचं काय? त्यांच्या घरचे विचारतात, प्रमाणपत्र मिळेल का, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात बसेल का. खेळ चांगला झाला का, हे विचारायला कुणाला सवड नाही. त्यांचा दोष नाही. सामना बघून कुणी रुपया देत नसेल तर कागदाचाच हिशेब होणार.

आपल्या गावात स्पर्धा भरली की मंडप, फेटे, हारतुरे, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांची भाषणं. खर्च वर्गणीतून. खेळणाऱ्याला ट्रॉफी आणि एक वेळचं जेवण. माझं म्हणणं, पुढच्या खो-खो स्पर्धेला दहा रुपये तिकीट लावा. जमलेल्या रकमेतला निम्मा वाटा खेळाडूंचा, हे आधीच फलकावर लिहा, आणि शेवटी आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवा. गॅलेकरच्या वेळी गल्ला भरत होता, पण वाटा दुसरेच ठरवत होते. ते इथे नको.

मैदानाला कुंपण नाही, तिकीट कसं लावणार, हा पहिला आक्षेप येईल. खरा आहे. मग पहिल्या वर्षी पेटी फिरवा, आणि फेट्यांचे पैसे कुंपणाला टाका.