आकडा प्रसूतीचा, निर्णय कुणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थेत झाली. २००५-०६ मध्ये हेच प्रमाण ६४.६ टक्के होते, आणि या वाढीचे श्रेय जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्या व १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका यांना द्यावेच लागेल. मात्र याच पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि हे प्रमाण आधीच्या फेरीपेक्षा घटलेले नाही.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंची कारणे ‘तीन विलंबां’त मांडली: उपचार घेण्याचे ठरवण्यात, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात होणारा उशीर. शासनाचा पैसा मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या विलंबावर खर्च झाला. पहिला विलंब घराच्या उंबऱ्याआत घडतो, आणि तेथे रुग्णवाहिका पोहोचत नाही.

उदाहरणच घ्यायचे तर, बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर हे लोणार आणि मेहकर यांच्या दरम्यानचे, रस्त्यावरचे गाव असल्याने अंतर हा तेथील मुख्य अडसर म्हणता येणार नाही; प्रश्न घरातल्या निर्णयाचा आहे. मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्याकडील रिवाजामुळे ती ऐन नाजूक काळात सासरच्या जाचापासून दूर राहते. पण पुढची बाळंतपणे बहुधा सासरीच होतात, कळा सुरू झाल्यावर कधी निघायचे हे इतर ठरवतात, आणि जननी सुरक्षा योजनेचे अनुदान तिच्या नावाच्या खात्यात जमा झाले तरी पासबुक कुणाच्या कपाटात आहे, हे कोणताही अहवाल विचारत नाही. सक्षमीकरणाचा, म्हणजे स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याच्या सामर्थ्याचा, कस येथे लागतो.

गरोदरपणातील हिंसेमुळे गर्भपात, अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो, म्हणून ही बाब ‘घरगुती’ म्हणून सोडून देण्याजोगी नाही. गरोदरपणाच्या तपासणीत रक्तदाबाचा पट्टा बांधण्यासाठी बाही वर सारली की दंडावरचा वळ दिसतो, ‘मोरीत घसरली’ हे उत्तर शेजारी उभी असलेली सासू देते, आणि नोंदवहीत केवळ रक्तदाब चढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना हिंसेची शंका येताच, स्त्री एकटी असतानाच, विचारपूस करण्यास सांगतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखालील नियमांनुसार पीडितेला उपचार नाकारता येत नाहीत, आणि आधी घटना-अहवाल झालेला नसल्यास वैद्यकीय केंद्राच्या प्रमुखाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. या अहवालाचा नमुना किती आरोग्य केंद्रांच्या कपाटात सापडेल, याविषयी आशावादी राहणे कठीण आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० साली सुरू केलेल्या ‘दिलासा’ या समुपदेशन केंद्राने सरकारी रुग्णालयात हे काम होऊ शकते हे दाखवून दिले; तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक नसला, तरी विचारण्याला आणि ऐकून घेण्याला वेगळे पद लागत नाही.

एक खबरदारी मात्र अत्यावश्यक आहे: हिंसेची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर करू नये, कारण ते कार्ड घरी जाते आणि घरचे वाचतात; ती नोंद केंद्रातील गोपनीय कागदावर, स्त्रीच्या संमतीने करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मातृत्व तपासणी शिबिरात प्रत्येक आरोग्यसेविकेने वजन घेताना सोबतच्यांना काही मिनिटे बाहेर बसवावे आणि घरी मारहाण होते का, हा प्रश्न विचारावा.