गिऱ्हाईक पुन्हा येणार नसते तेव्हा

नवरात्रात, सुट्ट्यांच्या हंगामात, किंबहुना आता कोणत्याही शनिवार-रविवारी, अंबाबाईच्या दर्शनास कोल्हापुरी आलेला यात्रेकरू महाद्वारातून बाहेर पडतो तो थेट बाजारपेठेत. जोतिबा, पन्हाळा आणि रंकाळा ही ठिकाणे जशी त्याने घरूनच ठरवून आणलेली असतात, तशीच चप्पल, गूळ, साज आणि चटणी ही खरेदीही. हाताशी वेळ मात्र तास-दीड तासाचाच असतो. अशा घाईत ‘खरेदी कोठे करावी?’ हा प्रश्न क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या उत्तरावर एका शहराच्या नावाची पत आणि त्या नावामागे राबणाऱ्या कारागिरांची मिळकत अवलंबून आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मार्मिक सिद्धांत मांडला. मालाचा खरा दर्जा विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम माल परवडत नाही. तो हळूहळू बाजारातून उठतो आणि हलका माल तेवढा उरतो. २००१ साली या विषयातील कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पर्यटकांच्या बाजारात या अज्ञानाला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. येथील गिऱ्हाईक पुन्हा येणार नसते. फसगत झाली तरी ती कळते चारशे मैलांवर, घरी पोहोचल्यावर. एरवी दुकानदारास जो धाक असतो तो कायद्यापेक्षाही उद्या पुन्हा दारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाचा. तो धाकच येथे नाहीसा होतो.

यावरून एक साधा नियम निघतो : ज्या पेठेत गावची माणसे स्वतः खरेदी करतात, तेथे पाहुण्याने खरेदी करावी. गावकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेली पारख त्यास विनामूल्य मिळते.

गुजरीचेच उदाहरण घ्यावे. मंदिरापासून जवळच असलेल्या या सराफपेठेत कोल्हापूर व आसपासच्या गावांतील कुटुंबे लग्नकार्याचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आली आहेत. तेथील सराफाला केवळ यात्रेकरूवर पोट भरावयाचे नसते. शिवाय २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाल्याने शुद्धतेची हमी मुद्रेतच मिळते. साजाच्या मण्यांत व पानांत बहुधा लाख भरलेली असते. तेव्हा निव्वळ सोन्याचे वजन विचारून ते पावतीवर लिहून घेणे एवढे पथ्य पाळले की पुरे.

गुळाची गोष्ट किंचित निराळी आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीने कोल्हापूरच्या गुळाला देशभर नाव मिळवून दिले. २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पाहुणा गूळ निवडतो तो डोळ्यांनी. पिवळाधमक, जवळजवळ केशरी गूळ त्याला शुद्ध वाटतो. वास्तविक रानभेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ पुष्कळदा तपकिरीकडे झुकतो आणि तो झगझगीत रंग आणण्यासाठी रसायनांचा वापर होतो. म्हणजे ज्या खुणेवर ग्राहक विसंबतो, तीच खूण त्याला चकविते. आणि रसायन न वापरणारा गुऱ्हाळवाला आपला माल काळपट म्हणून पडत्या भावाने विकतो. येथे दोष केवळ विक्रेत्याचा नव्हे, मागणीचाही आहे.

चटणीविषयी फार लिहावयास नको. कोल्हापुरातील असंख्य घरांत ती उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांडपावर कुटून वर्षाची बेगमी म्हणून केली जाते. रस्त्याकडेच्या रंगीत पाकिटांचे गिऱ्हाईक मुख्यतः पाहुणाच असतो. कांडपयंत्राच्या दारात मिळणारी चटणी घ्यावी, हे बरे.

खरी अडचण आहे ती चप्पलेची. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण, बहुधा घरातील स्त्रियांनी विणलेली वेणी, असा हा कष्टसाध्य हस्तव्यवसाय आहे. त्यात दिवस मोडतात. शेजारीच यंत्रावर कापलेली, कृत्रिम चामड्याची, ठोकळ्यासारखी चप्पल निम्म्याहून कमी किमतीस टांगलेली असते आणि नाव दोघींचेही ‘कोल्हापुरी’. गावकऱ्याच्या मागे जावे तर तोही आता रोजच्या वापरास दुसरेच पायताण घेतो. सबब वर सांगितलेला नियम येथे लंगडा पडतो. अकरलॉफ यांच्या सिद्धांताचे याहून चपखल उदाहरण शोधून सापडावयाचे नाही : खोटा माल खऱ्याची किंमत खाली ओढतो आणि कारागिराच्या मुलास बापाचा धंदा नकोसा होतो.

जून २०२५ मध्ये मिलान येथे ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी हुबेहूब मिळत्याजुळत्या चपला सादर केल्या, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. टीकेनंतर कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. तो संताप रास्तच होता. तथापि परदेशी कंपनीने नाव न घेता रूप उचलले, तर आपल्याच पेठांतून रूप व नाव दोन्ही उचलून प्लॅस्टिक विकले जाते, त्याबद्दल तेवढा संताप कधी दिसला नाही. कारागिराचे नुकसान अधिक कशाने होते, याचा विचार व्हावयास हवा.

महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेस २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. परंतु दप्तरातील मानांकन ग्राहकाच्या हातातील वस्तूवर दिसत नसेल, तर बाजारावर त्याचा परिणाम होत नाही. ‘लिडकॉम’ या शासकीय महामंडळाने २०२५ साली जोडावर क्यू-आर संकेत देण्याची योजना आणली. तो पाहिल्यास कारागीर वा उत्पादक कोण, हे कळू शकते. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र हा खर्च व खटाटोप एकट्या कारागिराच्या माथी मारला, तर तो मोठ्या व्यापाऱ्याच्याच पथ्यावर पडेल. खोट्या मालावर ‘कोल्हापुरी’ हे नाव लावण्यास प्रतिबंध करणे आणि यात्रेच्या मार्गावर खऱ्या कारागिरांस माफक भाड्यात गाळे देणे, ही महापालिका व शासनाची जबाबदारी आहे.

पाहुण्यानेही आपला वाटा उचलावा. चप्पल लाईनमध्ये दोन दुकाने अधिक फिरावीत, चामडे व शिवण पाहावी, संकेत मागावा, पावती घ्यावी. आणि खरा माल मिळाल्यास यंत्राच्या मालाशी तुलना करून घासाघीस करू नये. तो पुन्हा कोल्हापुरास येईल की नाही हे सांगता येत नाही. परंतु त्याच्यानंतर येणाऱ्यास खरी चप्पल मिळेल की नाही, हे त्याच्या आजच्या खरेदीवर ठरणार आहे.