उसन्या बिरुदांचा फेस
मराठी शब्ददरिद्री नाही. काव्याला शोभते ती अतिशयोक्ती. वृत्ताला तिखटमीठ लावते ते अतिरंजन. आत्मस्तुती करते ती बढाई. कृतीवाचून गर्जते ती वल्गना! मग चाकणला ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणणे यांपैकी काय? मूळ डेट्रॉइटने तर २०१३ साली दिवाळे काढले. शेजारची पिंपरी-चिंचवड महापालिका ‘आशियातील सर्वांत श्रीमंत’ म्हणून मिरवली. पण याच परिसरातील आळंदीत, ज्ञानोबांच्या समाधीपाशी, इंद्रायणी कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने वारंवार फेसाळते. ‘महापौर’ हा शब्द देणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांची भाषाशुद्धी केवळ शब्दबदलापुरती समजायची काय? शब्दामागे सत्य उभे करणे, हीही भाषाशुद्धीच. आधी इंद्रायणी निर्मळ करा; मग बिरुदे खुशाल मिरवा!